लेकरू वाढते, तसे आईचे ध्येयही वाढावे

पुण्याच्या कोणत्याही कष्टकरी वस्तीत जा. ताडीवाला रोड, येरवडा, दांडेकर पूल, बोपोडी, नाव कोणतेही असो. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या आयांना एकच प्रश्न विचारा : लेकराविषयी तुमची इच्छा काय? जिच्या कडेवर तान्हे आहे ती म्हणेल, “जगू दे, अंगानं धरू दे.” जिचे मूल पहिलीत आहे ती म्हणेल, “रोज शाळेत जाऊ दे.” दहावीतल्या मुलीची आई म्हणेल, “एकदाची पास होऊ दे.” पंचविशीतल्या मुलाची आई म्हणेल, “परमनंट नोकरी लागू दे.” आणि जिची मुले कमावती झाली, लग्ने होऊन आपापल्या संसाराला लागली, ती जरा वेळ गप्प राहील. मग म्हणेल, “आता माझी कसली इच्छा? त्यांचं त्यांनी बघावं.”

ही उत्तरे पाच बायांची असली, तरी ते एकाच आईच्या आयुष्यातले पाच टप्पे आहेत. मूल वाढवणे म्हणजे एकच ध्येय उराशी धरून पंचवीस वर्षे गाडा ओढत राहणे नव्हे. मूल वाढते तसे आईलाही आपले ध्येय तपासून पाहावे लागते. कोणते ध्येय आता पुरे झाले आणि कोणते नवे धरायचे, हे ज्या घरात वेळेवर कळते, त्या घरात मुलेही उभी राहतात आणि आईही मोडून पडत नाही. जिथे हे कळत नाही, तिथे एके काळी मुलाला वर काढणारे ध्येयच पुढे त्याच्या मानेवरचे जोखड होते.

आधी लेकरू जगले पाहिजे

आपल्या आज्या-पणज्यांचे पहिले ध्येय एकच होते, लेकरू जगवणे. दोन बाया भेटल्या की “किती झाली?” या प्रश्नापाठोपाठ “किती राहिली?” हा प्रश्न ठरलेला असे. माता रमाईंची कहाणी आपल्या घराघरात ठाऊक आहे. पाच अपत्यांपैकी चार त्यांनी डोळ्यांदेखत गमावली. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. एकटे यशवंतराव जगले. ज्या आईची चार लेकरे मातीआड गेली, तिला पाचव्याच्या शिक्षणाआधी त्याच्या श्वासाची काळजी असणार, यात नवल काय?

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. १९९० साली आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे सुमारे ८० मुले वर्षाची होण्याआधी दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला, आणि महाराष्ट्रात १६ वर. लसीकरण, दवाखान्यातली बाळंतपणे, अंगणवाडी, नळाचे पाणी, या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. ससूनमध्ये किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात बाळंत होणाऱ्या आईला आज आपले मूल जगेल असा भरवसा वाटतो. तो भरवसा आला म्हणूनच तिची नजर पुढच्या वाटेकडे वळू शकते.

मात्र काही आया या पहिल्याच टप्प्यावर थांबून राहतात. मुलगा वीस वर्षांचा झाला तरी त्याच्याशी होणारे बोलणे “जेवलास का?” आणि “कुठं होतास?” एवढ्यावर संपते. पोट भरले की आईचे काम झाले, असे नाही. त्या वयाच्या मुलाला भाकरीइतकीच गरज असते ती त्याचे बोलणे कान देऊन ऐकणाऱ्या माणसाची.

पोते नको, दप्तर हवे

दुसरे ध्येय शाळेचे. या बाबतीत पुण्यातल्या कचरावेचक आयांचे उदाहरण आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा, सोलापूर, नगरकडची कितीतरी दलित कुटुंबे पोट भरायला पुण्यात आली. पुरुषांना मिळेल ते काम मिळाले. अनेक बायांच्या वाट्याला आली ती कचराकुंडी. पाठीवर पोते, हातात आकडी, आणि मागोमाग लेकरू. आई कागद, काच, पत्रा वेचायची आणि लेकरूही चिमुकल्या हाताने तेच वेचायचे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्यांनी या मुलांना शिकवायला सुरुवात केली. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की, आईची कमाई वाढल्याशिवाय मुलाच्या हातातले पोते सुटणार नाही. घरोघरचा सुका कचरा वेगळा करून थेट बायांच्या हाती पडू लागला, तेव्हा कुंडीतली घाण उपसण्याचे कष्ट कमी झाले आणि चार पैसे जास्त मिळू लागले. मुलांना सोबत न्यायची गरज उरली नाही.

पुढे १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कचरावेचकांची परिषद पुण्यात भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. तिच्यात बहुसंख्य बाया, आणि त्याही बहुतेक दलित. ओळखपत्र मिळाले. बचतीसाठी पतसंस्था झाली. अस्वच्छ व्यवसायातील पालकांच्या मुलांना मिळणारी शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळू लागली. २००७ साली ‘स्वच्छ’ ही बायांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि दुसऱ्या वर्षी महापालिकेशी करार होऊन घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम तिच्याकडे आले.

या साऱ्यात आईच्या ध्येयाचा प्रवास पाहा. आधी तिला वाटे, लेकरू सोबत आले तर दोन किलो भंगार जास्त होईल, संध्याकाळची भाजी सुटेल. मग तिने ठरवले, लेकराच्या पाठीवर पोते चढू द्यायचे नाही. हा निश्चय नुसत्या मायेतून झालेला नाही. कमाई, संघटना आणि हक्क हाती आले, तेव्हा तिला मोठे ध्येय परवडू लागले. म्हणूनच “आईनं मनावर घेतलं पाहिजे” असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना विचारावेसे वाटते की, आईने मनावर घ्यावे यासाठी तिच्या हातात तुम्ही काय दिले?

‘साहेब’ होण्याचे ओझे

तिसरा टप्पा महत्त्वाकांक्षेचा. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. त्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो बायांपुढे जे भाषण केले, त्यात आईच्या कर्तव्याचा जणू पाठच आहे. मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा पेरा, आपण मोठे होण्यासाठी जन्मलो आहोत असे त्यांना वाटू द्या, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका, असा त्यांचा सांगावा होता.

हा सांगावा आपल्या आयांनी अक्षरशः पाळला. कोकणातील रत्नागिरी जिल्ह्यातील ऊर्मिला पवार यांच्या आईचे उदाहरण घ्या. ऊर्मिलाताई लहान असतानाच वडील वारले. मुलांनी शिकावे ही वडिलांची इच्छा. ती इच्छा आईने आपली केली आणि बांबूच्या टोपल्या, सुपे विणून मुलांना शिकवले. या विणलेल्या वस्तूंना तिकडे आयदान म्हणतात. लेकीने २००३ साली आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले. अशा किती आया! कुणी धुणीभांडी केली, कुणी बिड्या वळल्या, कुणी बांधकामावर पाट्या वाहिल्या.

परंतु भगिनींनो, इथेच एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. महत्त्वाकांक्षा पेरणे वेगळे आणि तिचे पीक आपणच ठरवणे वेगळे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, रेल्वेत, महापालिकेत, पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांत कायमची नोकरी मिळवली आणि घर वर काढले. त्यामुळे “सरकारी, परमनंट” हे दोन शब्द आईच्या मनात घट्ट बसले. त्यात चूक काही नव्हते. आज मात्र तीच कामे अनेक ठिकाणी कंत्राटावर गेली आहेत. म्हणून घरातले सारे बळ एका स्पर्धा परीक्षेवर लावले जाते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये खुर्ची धरून बसलेल्या मुलांमध्ये आपल्या वस्त्यांतलीही मुले आहेत. जागा काही शे, अर्ज लाखांच्या घरात. पहिला प्रयत्न, दुसरा, चौथा. मुलगा तिशी ओलांडतो. घरी यायला टाळतो, सणाला येत नाही. कारण आई दारातच विचारणार, “काय झालं रे निकालाचं?” आई मायेनेच विचारते. पण मुलाच्या कानावर तो प्रश्न हिशेबासारखा पडतो. तिने किती घरची भांडी घासली ते त्याला पाठ असते, आणि म्हणूनच “आई, मला हे जमत नाही” हे एवढेसे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही.

राज्यसेवा परीक्षेला मागासवर्गीय उमेदवाराची वयोमर्यादा ४३ वर्षे आहे. ती सरकारची मर्यादा झाली. घराची मर्यादा घरानेच ठरवायची असते. किती वर्षे, किती प्रयत्न, आणि जोडीला दुसरी वाट कोणती, हे पहिल्याच वर्षी मुलाशी बसून ठरवावे. औंधच्या शासकीय आयटीआयमधला एखादा चांगला ट्रेड, परिचारिकेचे शिक्षण, अकाउंटचे काम, गाडी दुरुस्तीचा स्वतःचा धंदा, ही हार नव्हे. ज्याला शिकायचेच आहे त्याच्यासाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना स्वाधार योजना आहे, परदेशी शिकू इच्छिणाऱ्यांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, आणि पुण्यातच बार्टीचे कार्यालय आहे. आईने या वाटा माहीत करून घ्याव्यात. कोणत्या वाटेने जायचे ते मात्र चालणाऱ्याने ठरवावे.

लेकीच्या लग्नाची घाई

मुलाच्या बाबतीत आई ध्येय सोडायला उशीर करते, तर मुलीच्या बाबतीत पुष्कळदा ते फार लवकर सोडते. मुलगी बारावी झाली, पाहुण्यांनी एक स्थळ आणले, मुलाला नोकरी आहे म्हणतात. कालपर्यंत “माझी पोरगी नर्स होणार” म्हणणारी आई आज “चांगलं घर हातचं जाईल” म्हणू लागते. तिच्या मनात भीती असते, हे आपण समजू शकतो. वस्ती, येणारी-जाणारी पोरे, लोकांची तोंडे. पण आईची भीती संपावी म्हणून लेकीने आपली पुस्तके मिटवायची, हा कुठला न्याय?

नागपूरच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका असे बायांना बजावले होते. लग्न ही जबाबदारी आहे, मुले आर्थिकदृष्ट्या ती पेलण्याजोगी झाल्याशिवाय त्यांच्यावर लादू नका, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी होऊन न राहता बरोबरीची मैत्रीण व्हावे, हा त्यांचा विचार. आज त्याला ऐंशी वर्षे उलटून गेली. तरीही आपल्या किती घरांत मुलीला स्थळ दाखवण्याआधी विचारले जाते? आणि तिने किंवा मुलाने स्वतःच जोडीदार निवडला, तर किती घरांत शांतपणे चहा होतो?

या वयात आईचे ध्येय “लेकीचं लग्न लावून देणं” एवढे न ठेवता “लेक स्वतःच्या पायावर उभी राहून निर्णय घेईल” असे ठेवावे. स्वतःच्या नावाचे बँकेतले खाते, हातात एक पगार किंवा कसब, आणि माहेरचे दार कधीही उघडे आहे याची खात्री. कोणत्याही आंदणापेक्षा या तीन गोष्टी लेकीला अधिक उपयोगी पडतात.

योग्य वेळी हाती सोपवणे

सिगालोवाद सुत्तात आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना वाईटापासून परावृत्त करणे, चांगल्याला लावणे, विद्या-कला शिकवणे, योग्य जोडीदार मिळवून देणे, आणि योग्य वेळी वारसा त्यांच्या हाती देणे. नीट पाहिले तर हे कर्तव्य मुलाच्या वयाप्रमाणेच पुढे सरकत जाते. पहिल्या चारांसाठी आपण जिवाचे रान करतो. पाचव्याशी येऊन अडखळतो. ‘योग्य वेळी’ या शब्दांतच त्याचे मर्म आहे. वारसा म्हणजे फक्त दहा बाय बाराची खोली नव्हे. घराचा हिशेब, पैशाचे व्यवहार, नात्यागोत्यातले निर्णय, आणि स्वतःच्या आयुष्याचे सुकाणू, हेही मुलांच्या हाती द्यायचे असते.

हाती सोपवणे म्हणजे संबंध तोडणे असे कुणी समजू नये. याचा धडा पुण्यातच क्रांतिज्योती सावित्रीमाईंनी घालून दिला आहे. काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत जोतिराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला, वाढवला, शिकवला. तो डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा हडपसरजवळच्या ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला गेला. मुलगा उपचार करी आणि पासष्टी ओलांडलेली आई रुग्ण आणत असे. मुंढव्याच्या वस्तीतल्या प्लेग झालेल्या एका मुलाला तिने पाठीवर घेऊन आणले. त्या सेवेतच तिला प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी तिचे निधन झाले. एके काळी बोट धरून चालवलेला मुलगा मोठा झाल्यावर आई त्याच्या बरोबरीने कामाला उभी राहिली. मोठ्या झालेल्या मुलाशी आईचे नाते याहून निराळे ते काय असावे?

आईचे स्वतःचे दिवस

आता उरली ती पाचवी बाई, “आता माझी कसली इच्छा?” म्हणणारी. तिच्यासाठी दोन उदाहरणे सांगतो.

सोलापूर जिल्ह्यातील महूदच्या शांताबाई कांबळे यांचा जन्म १९२३ चा. सोलापूर जिल्ह्यातील त्या पहिल्या दलित शिक्षिका. १९४२ साली नोकरीला लागल्या. काही वर्षे शिकवल्यानंतर, संसार मागे असताना, दोन वर्षांच्या शिक्षक प्रशिक्षणासाठी त्या पुण्याला आल्या. पुढे शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. मुले वाढवली. दलित पँथरचे नेते व कवी अरुण कांबळे हे त्यांचेच चिरंजीव. निवृत्तीनंतर, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी स्वतःची कहाणी लिहायला घेतली. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८३ साली ‘पूर्वा’ मासिकातून आणि १९८६ साली पुस्तकरूपाने आली. त्यावरची ‘नाजुका’ ही मालिका १९९० साली दूरदर्शनवर लागली. २००९ साली कर्तबगार मुलाचा मृत्यू त्यांना पाहावा लागला. त्यानंतरही त्या जगल्या, आणि २०२३ साली शंभरीला टेकून गेल्या. सारे आयुष्य फक्त मुलांवर बेतलेले असते, तर एवढा घाव त्यांनी कशाच्या आधारावर सोसला असता?

दुसरे उदाहरण फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे. छोटेसे दुकान चालवत त्यांनी मुले वाढवली. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या बांधण्याआधी वाचून काढत. वाचता वाचता लिहू लागल्या, आणि ते लिखाण घरच्यांपासून कित्येक वर्षे लपवून ठेवले. ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तक म्हणून प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी फलटणजवळ निंबुरे येथे निराधार मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. स्वतःची लेकरे मोठी झाल्यावर त्यांनी इतरांच्या लेकरांना जवळ केले.

प्रत्येकीने पुस्तक लिहावे असे नाही. पण प्रत्येकीकडे मागे ठेवून दिलेले काहीतरी असतेच. कुणाची सातवीत सुटलेली शाळा, कुणाचे शिवणकाम, कुणाचा गाता गळा, कुणाचे न झालेले डोळ्यांचे ऑपरेशन. मुलांच्या फीपायी ते मागे पडले. मुले कमावती झाली की पहिल्या पगारातून आईला साडी येते, ती यावीच. पण त्याबरोबर मुलांनी एकदा हेही विचारावे, “आई, तुझं काय राहून गेलं?” आणि आईने “काही नाही” असे पटकन म्हणू नये.

वडिलांनाही दोन शब्द. मुलाचे यश सांगताना “माझा मुलगा” आणि अपयश आले की “तुझ्या लाडानं बिघडला”, ही भाषा आता पुरे. मुलाचे ध्येय दोघांनी मिळून ठरवायचे असते आणि ते वेळोवेळी बदलायचेही दोघांनी.

भगिनींनो, वर्षातून एकदा, मुलाच्या वाढदिवशी म्हणा किंवा शाळा-कॉलेजचा निकाल लागल्यावर म्हणा, थोडा वेळ काढून बसा. आपण या लेकराकडून काय अपेक्षा ठेवून आहोत, ती त्याच्या आजच्या वयाला शोभते का, आणि त्याला स्वतःला काय हवे आहे, हे त्यालाच विचारा. तो अठरा वर्षांचा झाला असेल तर आधी त्याला बोलू द्या. आणि शेवटी, त्याच्यासमोरच, पुढच्या वर्षात तुम्हाला स्वतःसाठी काय करायचे आहे तेही सांगा. आपल्या आईलाही काही हवे असते, हे ज्या मुलाला लहानपणापासून कळते, तो उद्या आपल्या बायकोला आणि लेकीलाही तोच प्रश्न विचारील.